बाबा, एफडी मोडू नका

कांदिवली
रविवार, दुपार

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न.

फोन सोडून पत्र का, म्हणून घाबरू नका. आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर आई स्पीकर लावते, बाबा लांबून "बरं बरं" म्हणत राहतात आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं. तोंडाने सांगायला गेले की मी हसण्यावारी नेते आणि तुम्ही नेऊ देता. म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम अठरा पॉइंटचं ठेवलंय. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

आधी बातमी सांगून टाकते. माझ्या वेबसाइटच्या धंद्याचा गोरेगावचा गाळा सोडला. ३१ ऑगस्टला किल्ल्या दिल्या, अनामत परत मिळाली. गणपतीला दीड दिवसात पळाले आणि "डिलिव्हरी आहे" म्हटलं, ते खोटं होतं. टेम्पो ठरवला होता सामान हलवायला. आई मोदकावर तूप वाढत होती आणि मी तिच्याकडे बघून थाप मारत होते. तेव्हापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालंय.

धंदा बंद केलेला नाही, हे वाक्य दोनदा वाचा. जागा सोडली, काम चालू आहे. ऑफिसातल्या तिघांपैकी दोघांना ओळखीच्या कंपन्यांत लावून दिलं. एकाला माझ्यापेक्षा चांगला पगार मिळतो, आता तोच मला जेवायला नेतो. तिसरा नालासोपाऱ्याला त्याच्या घरून काम करतो, मी इथून. ज्या दिवशी किल्ल्या दिल्या त्या दिवशी रडले नाही. दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना रडले, पण तो कांदाही असू शकतो.

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. परवा आईच्या तोंडून निसटलं, की बाबा बँकेत जाऊन आले, एफडी मुदतीआधी मोडली तर किती कापतात ते विचारायला. "मी सांगितलं म्हणून सांगू नकोस," असंही म्हणाली. सॉरी आई, सांगितलं.

बाबा, ती पावती मला माहितीये. २०२१ च्या पुरात, २२ जुलैला, खालच्या खोलीत छातीपर्यंत पाणी आलं आणि तुम्ही आधी आईला वर चढवलं, मग तो कागद. नंतर तुम्ही तो जुन्या धोतराच्या फडक्याखाली ठेवून इस्त्रीने वाळवलात, एकेक कोपरा दाबून, जसा छापखान्यात कामाला असताना ओला कागद हाताळायचात. चिपळूणला दोन दिवस फोन लागत नव्हता तेव्हा मी इथे एका दुकानाची साइट नव्या सर्व्हरवर हलवत बसले होते. काम थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. तो कागद तुम्ही माझ्यासाठी मोडणार असाल तर मला झोप लागणार नाही.

आईच्या पाटल्यांबद्दल आपल्या घरात कोणी बोलत नाही. मीही बोलणार नाही. एवढंच म्हणते, की एकदा झालं ते पुरे.

आता पैशांचं. तुम्हाला वाटत असेल मी उधळपट्टी केली, म्हणून नीट सांगते. एका बांधकामवाल्याचं मोठं काम होतं, चार प्रकल्पांच्या साइट. सहा लाखांचं बिल. काम पूर्ण केलं, साइट सुरू झाल्या, त्यावरून त्यांचे फ्लॅट विकले जातायत. पैसे मात्र "थोडे बदल राहिलेत" म्हणून अडकले. बदल म्हणजे काय, तर निळा रंग जरा जास्त निळा. सात महिने झाले. यात खरी गंमत जीएसटीची. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत १८ टक्के भरावे लागतात, समोरच्याने दमडी दिलेली असो वा नसो. म्हणजे न मिळालेल्या सहा लाखांवर मी खिशातून एक लाख आठ हजार भरले. त्यात गाळ्याचं भाडं ३८ हजार आणि सात तारखेला तीन पगार.

"आगाऊ घेतल्याशिवाय फर्मा मशीनवर चढवायचा नाही," हे तुमच्या छापखान्याच्या मालकांचं वाक्य तुम्ही मला शंभरदा ऐकवलंत. माणूस मोठा दिसला की मी विसरते. आता निम्मे पैसे आधी, नाहीतर नमस्कार.

गप्प मात्र बसलेले नाही हं. २००६ चा कायदा आहे. आमच्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. मी तक्रार केली त्या पोर्टलचं नाव 'समाधान'. समाधान व्हायचंय.

आणि एआयचं. दादाने तुम्हाला व्हॉट्सअॅपवर काय काय पाठवलंय ते मला कळलं. तो म्हणतो तेवढं वाईट नाही, मी म्हणते तेवढं चांगलंही नाही. पाच पानांची साधी साइट, फोटो, पत्ता, फोन नंबर, असली कामं जवळजवळ गेली. परवा एक डॉक्टर म्हणाले, "माझ्या भाच्याने एका दुपारी केली, फुकट." बघितली मी. वाईट नव्हती. खोटं कशाला बोलू? सुरुवातीला असल्याच साइट आठ-आठ हजारांत करून मी घर चालवलं होतं.

पण चालू साइट सांभाळायला माणूस लागतो. लग्नाच्या हॉलवाल्यांचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ऐन तुळशीच्या लग्नानंतर संपलं, कारण नूतनीकरणाचे मेल त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या खात्यावर जात होते. ते खातं, त्याचा पासवर्ड, त्याला जोडलेला बंद फोन, सगळं शोधून काढायला चार दिवस लागले. दादरच्या फराळवाल्या काकू (ज्यांच्या चकल्या आईला कडक लागतात) दिवाळीआधी परदेशातल्या ऑर्डरी घेतात तेव्हा रात्री दोनला फोन मलाच करतात. असे अकरा जण आहेत, वर्षाचे पैसे एकदम देणारे. त्यात घर चालतं, नालासोपाऱ्याचा पगार निघतो. मोठं व्हायचं ते राहिलं, एवढंच.

शिवाय मराठीचं काम आहे, आणि ते बाबा, तुमच्यामुळे. त्या केटररच्या साइटवर तुम्ही फोनवरच चूक पकडली होतीत ना? "आमच्या आचार्यांच्या हातची चव." तुम्ही म्हणालात, अगं, शंकराचार्य पुरणपोळ्या लाटतायत का? 'आचाऱ्यांच्या' हवं. ऑफिसात सगळे हसले, पण मग मी सगळ्या साइट तपासल्या आणि बावीस ठिकाणी ऱ्य चुकलेला निघाला. आणि तुमचं ते "हा ल आपला नाही, हिंदीचा आहे". आधी मला वाटलं डोळ्यांमुळे म्हणताय. मग बघितलं तर पानाच्या कोडमध्ये भाषा हिंदी लिहिलेली होती. ती मराठी केली, आणि फाँटने आपोआप आपला पाकळीचा ल दिला. इतकी वर्षं हे काम करतेय, मला दिसलं नव्हतं. आता एका वाचनालयाची जुनी यादी हातात आहे. मजकूर जुन्या फाँटातला, आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणला की निम्म्या जोडाक्षरांची खिचडी होते. हे काम भाच्याला एका दुपारी जमणार नाही.

तुम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायला, शिकायला गेलात तेव्हा मला शेजारच्या खुर्चीवर बसवायचात. क्लासमधली पोरं तुम्हाला "काका" म्हणायची. घरी येताना गिरगावात पियूष प्यायचो आणि तुम्ही म्हणायचात, आईला सांगू नकोस पैसे खर्च केले ते. माझ्या नखात शाई नसली तरी मला तुमच्या शर्टाचा रॉकेलचा वास अजून येतो, कॉम्प्युटरसमोर बसले की. कशामुळे ते माहीत नाही.

तुमची छपाईच्या खिळ्यांची, अक्षरांच्या ठशांची, केस मी सगळ्यात आधी आणली, टेम्पोत नाही, रिक्षात मांडीवर. आता खिडकीपाशी टेबलाच्या वर टांगलीये. क-च्या घरात पेनड्राइव्ह, बाकी घरांत पिल्लूच्या गोट्या. ऑफिससाठी तुम्ही पूजा केलेला गणपतीही इथेच आहे. टेबल मोठं आहे, पंखा अगदी डोक्यावर. दुपारी गरम जेवते, आई, वरण-भात, तेही ताटात. गाळ्यात डबा लॅपटॉपवर ठेवून खायचे हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सासूबाई चार वाजता चहा देतात आणि काही विचारत नाहीत. तुमचे जावई म्हणाले, "तू घरी असलीस की वायफाय चांगलं चालतं." हे त्यांचं धीर देणं. रिक्षाच्या रांगेतले रोजची चाळीस मिनिटं वाचतात, पाठ कमी दुखते, आणि शिवाय पावसाळ्यात गाळ्यात ओल यायचीच. बघा, मी किती कारणं देतेय. सोडावं लागलं म्हणून सोडलं, हेच खरं.

आता ऐका. बाबांनी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं. दिवाळी "यंदाची". तारीख घेऊन मला कळवायची, मी चार दिवस येते, लॅपटॉप घेऊन येते, आता मला कुठूनही काम करता येतं, तेवढा तरी फायदा होऊ दे. एफडी त्यासाठी आहे आणि आईच्या गुडघ्यासाठी आहे. आईने बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. पाणी भरायला बाई सांगा, पैसे मी पाठवते. नाही म्हणू नका. एवढे आहेत माझ्याकडे.

कधी अगदीच अडले तर मागेन, बाबा. तुम्हालाच मागेन, दुसऱ्या कोणाला नाही. पण मी मागेपर्यंत थांबा. बँकेत परत जाऊ नका, तिथल्या मॅनेजरबाईंना मी फोन करीन अशी धमकीही देऊन ठेवते.

पिल्लू आजोबांना विचारतोय, क-चा खिळा उलटा का असतो. तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर त्याला पटत नाही.

तुमची,
ठकी

ता. क. आई, पावती तांदळाच्या डब्याखाली ठेवू नकोस, तिथे बाबा पहिलं बघतात. मसाल्याच्या डब्यांमागे ठेव. बाबा, हे वाचू नका.