घरातली जुनी बरणी पाच रविवार उसनी द्या

वाचनालयाचे सभासद, पालक आणि आपल्या गावातली सगळी मंडळी यांना आवाहन

गेल्या उन्हाळी शिबिरात आम्ही टेबलावर एक सफरचंद ठेवलं आणि मुलांना म्हटलं, काढा. सफरचंद पिवळट हिरवं होतं, एका बाजूने चेपलेलं. पाऊण तासाने कागद गोळा केले, तर जवळजवळ प्रत्येकावर लालभडक, गोल गरगरीत सफरचंद. वर एक पान आणि गालावर पांढरा ठिपका. समोरच्या फळाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मुलांना तरी काय बोलणार? बालवाडीच्या भिंतीवरच्या ‘ए फॉर ॲपल’पासून त्यांनी तेच पाहिलंय.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीपासून पाच रविवार, पाचवी ते आठवीच्या ४० मुलांची पॉल सेझानशी गाठ घालून द्यायची असं बालविभागाने ठरवलं आहे. १८३९ साली दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस गावात जन्मलेला हा चित्रकार. वडील बँकवाले. त्यांच्या आग्रहाखातर कायदा शिकायला गेला आणि सोडून आला. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने त्याची चित्रं वर्षानुवर्षं परत पाठवली. १८८२चा एक अपवाद. एकट्याचं पहिलं प्रदर्शन भरलं १८९५ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी. पुस्तकं त्याला उत्तर-दृक्प्रत्ययवादी म्हणतात. हा शब्द आम्ही मुलांच्या माथी मारणार नाही.

मुलांना सांगण्यासारखं वेगळंच आहे. सेझान इतका सावकाश रंगवायचा की फळं सडून जात, फुलं सुकत; मग कागदी फुलं आणायची. त्याला मांडणी करताना पाहिलेल्या एका तरुण चित्रकाराने लिहून ठेवलंय, की पीच हवे तसे कलते बसावेत म्हणून तो त्यांच्याखाली नाणी सरकवायचा. चित्रविक्रेता व्होलार त्याच्यासमोर चित्रासाठी बसला, पेंगला आणि खुर्चीसकट खाली आला. त्यावर सेझान भडकला: सफरचंद कधी हलतं का? व्होलारच्याच सांगण्यानुसार ११५ बैठका झाल्या, तरी ते चित्र अपुरंच राहिलं.

शिकागोच्या संग्रहालयात असलेलं त्याचं सफरचंदांच्या टोपलीचं चित्र आम्ही परवा काही मुलांना मोबाइलवर दाखवलं. एक जण लगेच म्हणाला, ‘बाटली पडतेय.’ दुसरीने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं की टेबलाची डावीकडची कड कापडाखाली शिरते आणि उजवीकडे बाहेर येते ती भलत्याच उंचीवर. एलिमेंटरीला बसणारा मोठा मुलगा गंभीरपणे म्हणाला, ‘वस्तुचित्राच्या पेपरात याचे मार्क कापले असते.’ कापलेच असते! पण सेझान एका जागी खिळून पाहत नव्हता. जरा इकडून, जरा तिकडून पाहिलेलं सगळं त्याने एकाच चित्रात ठेवलं. हे मुलांनी स्वतः टेबलाभोवती फिरून अनुभवावं एवढाच बेत आहे.

आता मागणी. पैशांपेक्षा आम्हाला वस्तू जास्त हव्यात. लोणच्याची चिनी मातीची बरणी (कानाचा टवका उडालेली असेल तर उत्तमच), पोचा आलेला पितळी तांब्या, कंदील, वेताची टोपली, काचेच्या रिकाम्या बाटल्या. बाटली कसली होती ते विचारणार नाही, फक्त लेबल काढून धुऊन द्या. कापड हवंय: सोलापुरी चादर, आजोबांचं पांढरं धोतर. सेझानच्या चित्रात निम्मं काम चुरगळलेल्या कापडाच्या घड्याच करतात, आणि इस्त्रीचा टेबलक्लॉथ तिथे कुचकामी ठरतो. दोन टेबल लॅम्पही लागतील, कारण आमच्या वरच्या दालनात छताला सगळीकडे ट्यूबलाइट आहेत आणि त्यांच्या उजेडात वस्तूला धड सावलीच पडत नाही.

वस्तू संध्याकाळी ५ ते ८ या वेळात देवघेवीच्या टेबलावर आणून द्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी लागेल, वहीत नोंद होईल आणि पाचव्या रविवारनंतर ती घरपोच परत येईल. जिवापाड जपलेली वस्तू मात्र देऊ नका. ४० मुलं आहेत, आम्ही शपथ घेऊ शकत नाही.

मुलांकडून फी घेणार नाही. कागद, ऑइल पेस्टल आणि पोस्टर कलर मिळून एका मुलामागे ३०० रुपये, म्हणजे १२,००० रुपये. सेझानच्या चित्रांच्या सहा मोठ्या रंगीत प्रिंट ३,६०० रुपयांना पडतील. मोबाइलवर बाटली दिसली, पण रंगाचे फटकारे दिसले नाहीत, म्हणून हा खर्च टाळता येत नाही. बालविभागाच्या शिलकीतून ५,००० रुपये निघतात. उरलेले १०,६०० रुपये आपल्याकडून हवेत. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल.

फळं रोज ताजी आणणं परवडणार नाही. पण सेझानने कांदेही रंगवले आहेत. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते चित्र आहे. तेव्हा कुणाच्या कांदाचाळीतले पाच-सहा किलो कांदे मिळाले तर पाचही रविवार निघतील. कोंब फुटलेले चालतील, किंबहुना तेच हवेत. कांदे मात्र परत मिळणार नाहीत. शेवटच्या रविवारी चित्रं भिंतीवर लागली की त्यातल्या चांगल्या कांद्यांची भजी होणार आहेत. वस्तू देणाऱ्यांनी खायला यावं.

– बालविभाग कार्यकर्ते