म्हाळसा म्हणजे नुसती खंडोबाची बायको नव्हे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत मुलींच्या हटके नावांची यादी छापलीत, त्यात म्हाळसा दिसली म्हणून बरं वाटलं, पण पुढे अर्थ काय तर 'खंडोबाची पत्नी', संपलं. अहो पेपर गोव्याचा ना, मग फोंड्याजवळच्या मार्दोळच्या देवळातली म्हाळसा कुठे गेली?

आमची म्हाळसा नारायणी म्हणजे विष्णूचं मोहिनी रूप, अमृत वाटताना राहूचं मुंडकं उडवलं तीच. म्हणून तिच्या हातात त्रिशूळ, तलवार, कापलेलं मुंडकं आणि पानपात्र, आणि विष्णूच असल्यामुळे देवी असून गळ्यात जानवं! मूळ देऊळ वेर्ण्याला, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी तिला जुवारी नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे आताच्या फोंडा भागात मार्दोळला आणलं, तिथे तेव्हा त्यांचं राज्य नव्हतं.

आता गंमत बघा, जेजुरीवाली म्हाळसा लोककथेत नेवाशाच्या तिमशेट वाण्याची मुलगी, आणि त्याच नेवाशात मोहिनीराजाचं देऊळ, म्हणजे तिथेही मोहिनी आहेच. त्यामुळे दोघींचं काही नातंच नाही असंही मला म्हणवत नाही.

नाव पूर्वी चांगलं चालायचं. जिजाऊंच्या आई म्हाळसाबाई, शिर्डीच्या खंडोबाच्या देवळातले पुजारी म्हाळसापती, आणि म्हाळसाकांत तर खुद्द खंडोबाचंच नाव. आमच्या भाचीला आता मुलगी झाली, तिला हेच नाव ठेवायचंय पण पुण्याची सासू म्हणते जुनाट वाटतं, शाळेत पोरं टीव्ही मालिकेवरून चिडवतील. चिडवू देत की, पोरं कियारालाही सोडत नाहीत.

खरी कटकट स्पेलिंगची आहे. आमच्याच घरात आजीचं नाव रेशनकार्डावर म्हाळसा, बँकेत महालसा, आणि इंग्रजीत तर विचारूच नका. म्हणून भाचीला म्हटलं जन्मनोंदणी करतानाच एक काय ते ठरव, मागाहून नाव बदलायचं म्हटलं तर गोव्यात १९९० चा वेगळा कायदा आहे, अर्ज करा, जाहिरात द्या, कोण करत बसणार.

पुढच्या यादीत दोन्ही अर्थ छापा एवढीच विनंती. आणि सातेरी, लईराई, शांतादुर्गा या गोव्याच्या देवींपैकी एकीचंही नाव का नव्हतं हो? त्यांची जागा 'आर्या', 'आरिया' आणि 'आर्याही' या नावांनी अडवली होती!

– एक वाचक, फोंडा