काकुमासाठी शिधा : यंदाही फोटो नाही

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

केनियाच्या तुर्काना भागातल्या काकुमा निर्वासित छावणीकडे जाणारा ट्रक शनिवारी पहाटे निघतोय आणि मंडळाच्या खोलीत निम्माही शिधा जमलेला नाही, म्हणून हे पत्र.

पूर्वी असं होत नव्हतं. २०११ च्या दुष्काळात 'केनियन्स फॉर केनिया' मोहीम निघाली तेव्हा आपल्या मंडळींनी एम-पेसावर (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) लगेच पैसे भरले होते. पार्कलँड्सच्या आजींनी त्या वर्षी नातवाच्या मुंजीचा थाट कमी केला आणि वाचलेली रक्कम पाकिटात घालून आणून दिली. पाकिटावर एवढंच लिहिलं होतं : 'उंग्यासाठी', म्हणजे मक्याच्या पिठासाठी. ते पाकीट अजून मंडळाच्या कपाटात आहे. किसुमूचे डॉक्टरकाका दर गणपतीत राजम्याचं पोतं पाठवायचे. ते गेल्यावर त्यांच्या सूनबाईंनी एकही वर्ष चुकवलं नाही. न्गाऱ्यातल्या आपल्या दुकानदारांनी तर तेलाचे डबे आम्हाला कधी मोजू दिले नाहीत.

गेल्या वर्षी मात्र ११ घरांतून मदत आली. "एखाद्या हाडं निघालेल्या मुलाचा फोटो टाका, मग बघा," असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ते मनाला लागलं. फोटो आमच्याकडे होते. ते वापरायचे नाहीत, असं कार्यकारिणीने ठरवलं होतं.

१९८४ च्या ऑक्टोबरात इथिओपियातल्या कोरेमची दुष्काळाची दृश्यं जगभर पोचली ती नैरोबीत जन्मलेल्या मोहम्मद अमीन यांच्या कॅमेऱ्यामुळे. त्यातून प्रचंड मदत उभी राहिली, हे आम्ही विसरत नाही. पण लोकांच्या लक्षात पाऊस न पडल्याचं राहिलं. तिथलं यादवी युद्ध आणि लष्करी राजवट बाजूलाच पडली. १९९३ मध्ये सुदानमध्ये टिपलेल्या मूल आणि गिधाडाच्या छायाचित्राला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, त्या मुलाचं नाव मात्र कितीतरी वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. आपल्या आजारी लेकराचा असा फोटो त्याच्या आईला न विचारता कोणी दारोदार फिरवला तर आपल्याला चालेल का?

एप्रिल २०२३ पासून सुदान पुन्हा युद्धात आहे आणि माणसं काकुमापर्यंत येताहेत. ही छावणी १९९२ ची, तीही सुदानच्याच युद्धातून पळून आलेल्या मुलांमुळे उभी राहिलेली. २०२५ मध्ये निधी आटला आणि जागतिक अन्न कार्यक्रमाला तिथला शिधा कापावा लागला. यादी तिथल्या बायकांनी स्वतः करून पाठवली आहे, आम्ही तीच पाळतोय.

हवं ते : मक्याचं पीठ (२ किलोची बंद पाकिटं), राजमा, चवळी, तेल, मीठ, साबण, सॅनिटरी पॅड. जुने कपडे नकोत. गुरुवार-शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८, मंडळाची खोली, मागचं दार. पैसे नेहमीच्या एम-पेसा क्रमांकावर, नाव लिहून, पावती रविवारी. पोती भरायला शुक्रवारी रात्री चार-पाच तरुण हवेत.

आपली,
कार्यवाह

ता. क. रिकामी पोती असतील तर तीही आणा, कमी पडताहेत.