कमलाबाईंचं व्याख्यान, फाटकाच्या वेळेत

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

यंदा २८ फेब्रुवारीला एका महाविद्यालयात जैवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांच्यावर बोलायला मला बोलावलं होतं. संध्याकाळी साडेपाचची वेळ. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ यातच पाऊण तास गेला. मी उभी राहिले आणि वीस-बावीस मिनिटांत सूत्रसंचालकांनी चिठ्ठी सरकवली : 'मॅडम, कृपया आवरतं घ्या. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक सातला बंद होतं.' मी आवरलं. पहिल्या दोन रांगांतल्या मुली उठल्या, वह्या पिशवीत कोंबून निघाल्या. मुलगे बसून राहिले. त्यांना चहाही मिळाला.

त्या मुलींना सांगायचं राहून गेलं, ते आता आपल्याला लिहिते आहे. त्या फाटकाची किल्ली शेवटी आपल्याच खात्याकडे आहे.

१९३३ साली कमला भागवत (लग्नानंतरच्या सोहोनी) मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या आणि संशोधनासाठी त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही तिथेच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यामुळे पुढे कुठे जायचं हा घरात प्रश्नच नव्हता. अर्ज मात्र नामंजूर झाला, कारण अर्जदार मुलगी होती. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. ज्यांच्या शोधाची आठवण म्हणून आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, तेच. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि सत्याग्रहाला बसल्या. दुर्गाबाई भागवतांची ही सख्खी धाकटी बहीण. त्या घरात माघारीची सवय कुणालाच नसावी.

अखेर प्रवेश मिळाला तो अटी घालून. पहिलं वर्ष उमेदवारीचं, म्हणजे नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं. आणि तिच्या असण्यानं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. ही तिसरी अट मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मुलगे ओशाळं हसतात. लक्ष उडणार यांचं, आणि जामीन राहायचं हिनं!

अटी मान्य करून त्या श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत राबल्या. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं. रामन यांना शिव्या घालायला मी हे पत्र लिहीत नाही. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ ॲना मणी आल्या. हिऱ्यांतला अंधूक प्रकाश छायापट्टीवर उमटायला पंधरा-वीस तास लागत, म्हणून त्या कित्येकदा रात्रभर तिथेच असत. पण अपमानाला अपमान म्हणण्याचा कमलाबाईंचा हक्क त्यामुळे कमी होत नाही, आणि तो त्यांनी सोडलाही नाही. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर, पण मनानं कोते, हे त्या आयुष्याच्या अखेरीलाही उघडपणे सांगत.

पुढचा प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो. केंब्रिजला जैवरसायनशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागाच शिल्लक नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल दिवसा कमलाबाईंना देऊ केलं. मी रात्री काम करीन, म्हणाला. बंगळूरला रात्र ही त्यांच्यासाठी अट होती, इथे एका पुरुषानं ती आपणहून स्वतःकडे घेतली. नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचं दाखवून दिलं. श्वसनात इलेक्ट्रॉन पुढच्या हाती पोचवणारं हे प्रथिन. जेमतेम १४ महिन्यांत, अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली डॉक्टरेट. (आमच्या विद्यापीठांत जाड प्रबंधाचा जो सोस आहे, त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.) त्यांच्या नावापुढे 'विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' असं लावतात, त्यात मी फार अडकत नाही, वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठानं १९३१ सालीच डी.एस्सी. दिली होती.

परतल्यावर दिल्ली, मग कुन्नूर, आणि १९४७ साली लग्नानंतर मुंबईची विज्ञान संस्था. आपल्या सरकारची संस्था, महोदय. पुढे त्या तिच्या संचालक झाल्या. इथेच त्यांनी नीरेवर काम केलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती पोषण म्हणून किती उपयोगी पडते हे दाखवलं. त्याबद्दल राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आणि इथेच वालाचंही काम झालं, जे फार कुणाला माहीत नसतं. कच्च्या वालात एक प्रथिन असतं, ते आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिनला, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमला, अडवून धरतं. चांगला शिजवला की त्याचा जोर मोडतो. वाल आणि डबल बी यांतले हे रोधक स्फटिकरूपात वेगळे काढल्याचा निबंध कमलाबाई आणि त्यांचे सहकारी अंबे यांच्या नावानं १९५५ साली 'नेचर'मध्ये छापून आला. वालाचं बिरडं मुंबईहून थेट 'नेचर'मध्ये!

असे स्फटिक दहा ते पाच या वेळात येत नाहीत, महोदय. अर्क पातळ पिशवीत बांधून थंड द्रावणात सोडायचा, दर काही तासांनी द्रावण बदलायचं, मध्ये रात्र असली तरी. मी एम.एस्सी.ला असताना हेच करत होते. आमचं फाटक साडेसातला बंद व्हायचं. बाराची पाळी वर्गातला एक मित्र सांभाळायचा. एके रात्री त्याला झोप लागली आणि तीन आठवड्यांचं एन्झाइम बाद झालं. तो बिचारा आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. माझी ती वही अजून आहे. दिवसाच्या नोंदी माझ्या अक्षरात, रात्रीच्या त्याच्या. परीक्षकांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं? मी खरं ते सांगितलं. माझ्या 'अनियमितते'ची नोंद झाली.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. आता मी शिकवते, आणि माझ्या विद्यार्थिनींच्या वह्यांतही मला दोन अक्षरं दिसतात.

सुरक्षिततेचं कारण पुढे येईल, ते मला ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'सक्षम' अहवालानं २०१३ सालीच सांगून ठेवलंय, की सुरक्षिततेची सबब पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नयेत. तो अहवाल कपाटात आहे आणि कुलूप फाटकाला. प्रयोगशाळेपासून वसतिगृहापर्यंत चारशे पावलांचा रस्ता असतो. त्यावर दिवे लावायचे की त्या रस्त्यानं मुलींना येऊच द्यायचं नाही, यातला दुसरा मार्ग स्वस्त पडतो, एवढंच.

कमलाबाईंच्या नावानं पुरस्कार काढू नका. आणखी एक तैलचित्रही नको. एक शासन निर्णय काढा. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत पदव्युत्तर आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना फाटकाची वेळ एकच असावी. रात्री काम असेल तर वहीत नोंद करून जाता यावं, त्यासाठी वडिलांच्या सहीचं पत्र लागू नये. त्या रस्त्यावर दिवे आणि एक पहारेकरी असावा. आणि विज्ञान विभागाच्या इमारतीतलं मुलींचं स्वच्छतागृह रात्रीही उघडं राहावं. हे शेवटचं कलम आपल्याला किरकोळ वाटेल. आमच्याकडे शिपाई पाच वाजता त्याला कुलूप लावून किल्ली घरी नेतो.

माझी एक विद्यार्थिनी सध्या वालावरच काम करते आहे. आज दुपारी चारला तिनं पिशवी द्रावणात सोडली. पहिलं द्रावण आठला बदलायचं, दुसरं बाराला. आठचं मी करणार आहे. बाराचं कुणाकडे सोपवावं, हे अजून ठरलेलं नाही.

आपली,
जैवरसायनशास्त्राची एक शिक्षिका