पोषण आहाराच्या मावशींना

मावशी, समोर बोलायला गेलं की तुम्ही "असूदे वो ताई" म्हणून पातेल्याकडं वळता, म्हणून लिहूनच टाकते.

पोरगी दत्तक आली तेव्हा साडेपाच वर्षांची होती. एवढं मोठं मूल घेताय, जड जाईल, असं साताऱ्यातल्या निम्म्या गोतावळ्यानं सांगून झालेलं. जड गेली ती भाकरी. पोट भरलं तरी उशीखाली चतकोर, दप्तरात चतकोर, फ्रॉकच्या खिशात भाताचा गोळा. आधीच्या शाळेत (फी विचारू नका) कुणाच्या तरी डब्यातली पोळी घेतली म्हणून बाईंनी वर्गासमोर उभं करून चोर म्हटलं, आणि मला बोलवून वर हे ऐकवलं की असल्या मुलांचं रक्तच वेगळं असतं. सावित्रीबाईंचं नायगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं हे ऐकायचं! फुल्यांनी यशवंतला दत्तक घेऊन पोटाशी धरलं, शिकवून डॉक्टर केलं, ते काय रक्त तपासून? 3 जानेवारीला फोटोला हार घालायला मात्र सगळे पुढं.

मग तुमची झेडपीची शाळा. तुम्ही तिला खिचडी खिशात भरताना बघितलंत. ओरडला नाहीत, बाईंना सांगायलाही गेला नाहीत. हात धरून किचनशेडमध्ये नेलंत, तांदळाच्या पोत्याचं तोंड सोडलंत नि म्हणालात, "घाल हात. आजून आत." कोपरापर्यंत हात गेला तिचा. "लागला का तळ? न्हाई नव्हं? ह्यातला रोजचा 100 ग्रॅम तुझ्या नावचा हाय, सरकारनं लावलाय, मलाबी खाता यायचा न्हाई."

घरी येऊन दप्तर न काढता तेच चालू, आई माझ्या नावाचा तांदूळ आहे, माझ्या नावाचा.

अगं भरपूर आहे, कुणी घेत नाही, असं आम्ही तोंडानं किती सांगितलेलं, पण आधी जिला उद्याच्या घासाचा भरवसाच नव्हता तिला आमच्या शब्दांचं काय, तिला हाताला लागायला हवं होतं आणि ते फक्त तुम्हाला कळलं. मग आम्ही पण शहाणे झालो. तिच्या उशाशी शेंगदाणे-फुटाण्याचा डबा, तिचा एकटीचा, किती खाल्लेस विचारायचं नाही, तळ दिसायच्या आत गुपचूप भरायचा. तुकडे एकदम थांबले नाहीत हां, घरी पाहुणे आले किंवा गावाला निघालो की अजून खिशात काहीतरी सापडतं. सापडू दे. दत्तक पोरीचं कसं चाललंय बघायला दर सहा महिन्यांनी घरी येणाऱ्या सोशल वर्कर मॅडमनी पण तुमच्या पोत्याची गोष्ट वहीत उतरवून घेतली.

महिन्याच्या तुटपुंज्या मानधनावर शाळाभर पोरांचं रांधता तुम्ही, त्यात एका पोरीचा खिसा बघायला तुम्हाला सवड झाली. बाकीच्यांना एसीत बसून झाली नाही, ह्याचा राग माझा अजून जात नाहीये.

ते मानधन थकलंय म्हणालात ना मागं? पंचायत समितीत जायचं असलं तर हाक मारा, अर्ज मी लिहिते आणि बरोबर पण येते.