एक जूनला बाहेर पडलेला मुलगा

महोदय,

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माझं बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात एक पोरगा भिजलेली सॅक घेऊन काम मागायला आला. बालगृहात वाढलेला. दाखल्यावर जन्मतारीख १ जून. त्या दिवशी अठरा पूर्ण झाली आणि तिथला मुक्काम संपला. खलाशी व्हायला आला होता, पण मासेमारीबंदीही १ जूनपासूनच, ३१ जुलैपर्यंत. बंदीत आमच्याकडे मात्र काम वाढतं, म्हणून ठेवून घेतला.

हात चांगला आहे त्याचा. खोली मात्र मिळेना. तीन घरमालकांकडे मी स्वतः गेलो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "गाव कुठलं, कुणापैकी?" आधारवर पत्ता संस्थेचा, जामीन राहायला माणूस नाही. शेवटी मी सही केली. पहिला पगार त्याने आठ दिवसांत संपवला तेव्हा मी रागावलो. मग कळलं, बालगृहात घंटा झाली की ताट समोर यायचं. किलोभर तांदूळही त्याने कधी विकत आणले नव्हते.

गणपतीत मी गावी गेलो. दुकान बंद, खानावळही बंद. गौरीविसर्जन करून परतलो तर हा तापाने फणफणलेला, इतके दिवस बिस्किटांवर काढलेले. कोकणात गणपतीला ज्याला जायला घरच नाही, तो काय करत असेल, हा विचार पन्नाशी उलटली तरी माझ्या मनात कधी आला नव्हता. याची मला लाज वाटते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी २१ व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. त्याच्या खोलीचं भाडं अडीच हजार आहे. अशी मदत मिळते हे मला गेल्या महिन्यात समजलं. त्याला निघताना कुणी सांगितलंच नव्हतं. आता अर्ज केलाय, पण येत्या १ जूनला तो २१ चा होईल.

महिला व बालविकास विभागाला माझी कळकळीची विनंती आहे, की मूल सतरा वर्षांचं झालं की त्याला हे लेखी कळवा, अर्ज संस्थेतच भरून घ्या, बँकेचं खातं आणि राहायची सोय झाल्याशिवाय त्याला दाराबाहेर काढू नका. आणि मिरकरवाड्यात कुणाची खोली अशा मुलासाठी रिकामी असेल, तर जामीन मी राहतो.

— एक इंजिन मेकॅनिक, रत्नागिरी