‘सांभाळून घे’ याचं इंग्रजी काय करणार?

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, अमेरिकेतल्या बड्या लोकांच्या केसेसवर. आधी साक्षीदार फोडायचे आणि मग महागडे वकील लावून ‘मला तसं म्हणायचंच नव्हतं’ म्हणत सुटायचं, असा एकूण सूर. संताप कळतो मला, पण ‘तसं म्हणायचं नव्हतं’ ही पळवाट आहे हे काही पटलं नाही, कारण फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालची, विटनेस टॅम्परिंगची (साक्षीदाराला फोडायची) केस बऱ्याचदा त्या एका वाक्यावरच उभी असते. मी न्यू जर्सीत एका क्रिमिनल डिफेन्स वकिलाच्या ऑफिसात बरीच वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस, होते, आता रिटायर झालेय, म्हणून हे लिहायची हिंमत करतेय. वकील नाहीये मी, तेवढं लक्षात असू द्या.

आधी कायदा. फेडरल क्रिमिनल कोडचं कलम १५१२, १९८२ साली आलेलं. साक्षीदाराला धमकी द्या, घाबरवा, खोटं सांगून त्याची दिशाभूल करा नाहीतर ‘करप्टली’, म्हणजे ढोबळमानाने भ्रष्ट हेतूने, त्याचं मन वळवा, सगळं एकाच पंगतीत बसवलंय आणि शिक्षा २० वर्षांपर्यंत. हात उचललात तर ३०. खटला सुरू झालेला असायलाच हवा असंही नाही. आणि साक्षीदार अजिबात बधला नाही तरी केस होते, कारण नुसता प्रयत्न पुरतो. हे शेवटचं लोकांना खरंच वाटत नाही, आमच्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणायचा ‘पण त्याने तर साक्ष दिलीच ना!’ ट्रम्प यांचे जुने सल्लागार रॉजर स्टोन यांच्या केसमध्ये तर ज्याला धमकावलं म्हणून आरोप होता त्या साक्षीदाराने स्वतःच न्यायाधीशांना पत्र लिहिलं, की मला या माणसाकडून शारीरिक धोका असा कधी वाटला नाही, त्याला तुरुंगात पाठवू नका. ज्यूरीने तोवर, नोव्हेंबर २०१९ मध्ये, दोषी ठरवून टाकलेलं होतं, ४० महिन्यांची शिक्षाही झाली. पुढे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीच आधी ती शिक्षा रद्द केली आणि मग माफीच दिली, तो भाग वेगळा, तिथे तुमच्या वाचकाचा राग मी समजू शकते.

आता ‘करप्टली’ म्हणजे काय, यावर २००५ साली सुप्रीम कोर्टात आर्थर अँडरसनची केस झाली. एन्रॉनचे ऑडिटर, ज्यांनी टनावारी कागद श्रेडरमध्ये घातले. ते खालच्या कोर्टात दोषी ठरले होते आणि सुप्रीम कोर्टाने एकमताने तो निकाल फिरवला, कारण ज्यूरीला नीट सांगितलंच नव्हतं की आपण चुकीचं करतोय ही जाणीव आरोपीच्या मनात असायला हवी, आणि नजरेसमोर एखादी ठरावीक चौकशी किंवा खटलाही हवा. (कंपनी तोवर जवळजवळ संपली होती, त्यामुळे जिंकून काय मिळालं तर काही नाही.) त्या निकालातलं एक उदाहरण मला फार आवडतं. आई मुलाला म्हणते, बाबा रे, स्वतःविरुद्ध काही बोलू नकोस, गप्प राहायचा तुला हक्क आहे. तीही मन वळवतेच आहे, माहिती सरकारपर्यंत जाऊ नये असंच तिला वाटतंय. मग तिला पण आत टाकायचं का?

गंमत म्हणजे या शब्दाचा अर्थ हडसन नदीच्या दोन काठांवर वेगवेगळा आहे. न्यू जर्सी ज्या तिसऱ्या सर्किटमध्ये (फेडरल अपील कोर्टाच्या विभागात) येतं तिथे १९९७ च्या फॅरेल केसमध्ये कोर्टाने म्हटलं की कटातल्या साथीदाराला, ज्याला गप्प राहायचा हक्क आहेच, त्याला दमदाटी न करता, लाच न देता नुसतं ‘बोलू नकोस’ म्हटलं तर ते करप्ट नाही. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये, दुसऱ्या सर्किटमध्ये, हेतू वाईट असला की झालं, गोड बोललात तरी करप्टच. आणि सरकार केस कुठे टाकू शकतं? जिथून मेसेज गेला तिथे, किंवा ज्या खटल्यावर परिणाम व्हायचा होता तो जिथे आहे तिथे. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमधून पाठवलेल्या मेसेजसाठी मॅनहॅटनच्या कोर्टात उभं राहायची वेळ येऊ शकते. आमचे साहेब पहिल्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच विचारायचे, कुठून पाठवलास आणि कुठल्या केसबद्दल.

मेसेजमुळे बेल जाते ते तर सगळ्यांना दिसतंच, ट्रम्प यांच्या प्रचाराचे एकेकाळचे प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांची जून २०१८ मध्ये गेली, एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीच्या सॅम बँकमन-फ्रीडची ऑगस्ट २०२३ मध्ये (त्याच्या बाबतीत मेसेज हे एक कारण होतं). सॅमने जानेवारीत कंपनीच्या वकिलाला सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर लिहिलं होतं की पुन्हा बोलायला लागू या, एकमेकांच्या उपयोगी पडू, निदान गोष्टी एकमेकांकडून तपासून घेऊ. यात धमकीचा एक शब्द तरी आहे का? त्याच्यावर टॅम्परिंगचा वेगळा आरोप कधी ठेवलाच नाही, पण बेल रद्द करायला आरोप सिद्ध व्हावा लागत नाही, न्यायाधीशांना सबळ कारण दिसलं की बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मग बचाव करायचा कसा. कायद्यातच एक दार आहे. आरोपीने दाखवून द्यायचं की मी जे केलं ते पूर्णपणे कायदेशीर होतं आणि माझा एकमेव हेतू हा होता की साक्षीदाराने खरं सांगावं. ऐकायला छान वाटतं पण इथे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं, आणि ‘एकमेव’ हा शब्द जीव घेतो, थोडी स्वतःची काळजी, थोडी धंद्याची, थोडा राग, माणसाच्या मनात एकच हेतू कधी असतो का हो? आणि मनातलं सांगायचं म्हणजे बहुतेक वेळा स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जायचं, मग सरकारी वकील उलटतपासणीला तयारच असतो. आमच्या ऑफिसात हे दार मी एकदाही उघडलेलं पाहिलं नाही. त्यापेक्षा मेसेजेसचा सगळा थ्रेड काढायचा, बोलणं कुणी सुरू केलं, आधी काय झालं होतं, त्या दिवशी आरोपीला समन्सबद्दल माहिती तरी होती का, हे ज्यूरीपुढे मांडायचं. सरकार तीन ओळींचा स्क्रीनशॉट दाखवतं, आम्ही चारशे पानं दाखवायचो.

आणि साक्षीदार कुणाच्या मालकीचा नसतो हेही लोकांना माहीत नसतं. डिफेन्सला त्याला भेटायचा हक्क आहे, खऱ्याखुऱ्या वकिली कामाला कायद्याने स्पष्ट सूटही दिलीय. फक्त आरोपीने स्वतः फोन करायचा नाही, वकिलाने इन्व्हेस्टिगेटरला सोबत घेऊन जायचं, म्हणजे उद्या काय बोलणं झालं यावर वाद निघाला तर वकिलालाच साक्षीदार व्हायला लागत नाही.

हे सगळं आपल्या लोकांच्या गळी उतरवणं महाकठीण. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. धंद्यातल्या बिलांची भानगड, हिशेबाची पुस्तकं बघणारा क्लायंटच्या बायकोचा भाऊ, त्याला फेडरल एजंट भेटून गेले. आमच्या क्लायंटने त्याला रात्री व्हॉइस मेसेज टाकला, ‘काय ते सांभाळून घे रे, पोराबाळांचा विचार कर.’ सरकारी ट्रान्सक्रिप्टमध्ये आलं ‘कव्हर इट अप, थिंक अबाउट युअर चिल्ड्रन.’ आता हे इंग्रजीत वाचून बघा, अंगावर काटा येतो. मुलांचं काहीतरी करीन असंच वाटतं ना? आणि मराठीत तर पोरंबाळं कुणाची हेच सांगितलेलं नाही, त्याची की माझी की दोघांची. आम्ही आमचा वेगळा भाषांतरकार आणला, त्याने ‘सांभाळून घे’चे चार अर्थ लिहून दिले, धीर धर, निभावून ने, चूक पोटात घाल आणि हो, चौथा झाकून टाक. तो चौथा काढून टाका म्हणून क्लायंट दोन दिवस हटून बसला होता, साहेबांनी ठेवला. खरं सांगू, मी तो मेसेज पन्नासदा तरी ऐकला असेल आणि त्याच्या मनात चौथा अर्थ नव्हताच असं मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण बारा जणांनी निःशंक होऊन पहिले तीन खोडायचे आहेत, ओझं सरकारवर आहे, माझ्यावर किंवा तुमच्या वाचकावर नाही.

शेवटी ते ज्यूरीपर्यंत गेलंच नाही. बिलांबद्दल गुन्हा कबूल केला, टॅम्परिंगचा आरोप मागे घेतला गेला. मधल्या काळात एकमेकांशी संपर्क नको अशी बेलची अट होती, आणि नेमकं घरात लग्न निघालं. मेव्हणा सकाळच्या विधींना येऊन अकराला निघून गेला, आमचा क्लायंट साडेबारानंतर आत आला, मधला दीड तास बिचारी बायको दारात उभी राहून दोघांच्या गाड्या मोजत होती.

आपली,
एक जुनी वाचक, न्यू जर्सी